किती कळले? : मुलांच्या बोलण्याचे मोजमाप

पापडीच्या परिसरातील एखाद्या मराठी शाळेत दुसरीच्या वर्गात आपण बसलो आहोत, अशी कल्पना करा. बाई घोड्याचे चित्र दाखवून एकेकाला विचारतात, "हे काय आहे?" पहिला मुलगा म्हणतो, "घोरा." दुसरी मुलगी म्हणते, "घोडा." तिसरा म्हणतो, "दोदा." बाई दुसरीला शाबासकी देतात आणि उरलेल्या दोघांना तोच शब्द पुन्हा म्हणायला लावतात. बाईंच्या वहीत दोघांच्या नावापुढे एकच शेरा पडतो : 'उच्चार अशुद्ध'.

या दोन मुलांची गोष्ट मात्र एक नाही. पहिला कोळी घरातला आहे. त्याचा बाप आणि आजी 'घोरा'च म्हणतात आणि बंदरावरच्या कोणालाही ते बिनचूक कळते. तिसऱ्याच्या घरी सगळे 'घोडा' म्हणतात. त्याचा 'दोदा' आईला कळतो, शेजारणीला अर्धवट कळतो आणि वर्गातल्या मुलांना कळत नाही. म्हणून तो हळूहळू बोलणेच कमी करतो. पहिल्याला दुरुस्तीची गरज नाही. तिसऱ्याला मदतीची गरज आहे आणि ती लवकर हवी आहे. एकाच शेऱ्याने दोघांचेही नुकसान झाले.

मग दोघांतला फरक ओळखायचा कसा? कानाला काय वाटते, एवढ्यावर विसंबून चालत नाही. येथे मोजमापाची गरज लागते. मोजायचे काय, तर बोलणाऱ्याने जे म्हटले त्यातले ऐकणाऱ्याला किती कळले. याला आपण बोलण्याची 'सुबोधता' म्हणू.

उच्चार वेगळा, सुबोधता वेगळी

बरोबर उच्चार आणि कळणारे बोलणे या दोन गोष्टी आपण नकळत एकच धरतो. एक साधे उदाहरण घेऊ. एका मुलाला 'क' म्हणता येत नाही, त्याऐवजी तो 'त' म्हणतो. 'काल माझा काका आला' हे वाक्य तो 'ताल माझा ताता आला' असे म्हणेल. यात एकूण सात व्यंजने आहेत, त्यांपैकी चार बरोबर आली. म्हणजे व्यंजने सुमारे ५७ टक्के बरोबर. अनोळखी माणसाला यातले 'माझा' आणि 'आला' हे दोनच शब्द कळले, तर सुबोधता चारात दोन, म्हणजे ५० टक्के. पण आईला चारही शब्द कळतात. तिच्यापुरती सुबोधता १०० टक्के!

दुसऱ्या मुलाला 'र' येत नाही. 'माझ्या घरी राजू आला' हे तो 'माझ्या घली लाजू आला' असे म्हणतो. आठांपैकी सहा व्यंजने बरोबर, म्हणजे ७५ टक्के. उच्चारात दोष आहेच, पण बहुतेक ऐकणाऱ्यांना चारही शब्द कळतील. 'र'च्या जागी 'ल' ही अदलाबदल लहान मुलांत इतकी आढळते, की आपले कान तिला सरावलेले असतात.

बरोबर आलेल्या व्यंजनांचे शेकडा प्रमाण काढण्याची पद्धत श्रायबर्ग आणि क्वियाटकोव्स्की या अमेरिकी संशोधकांनी १९८२ मध्ये मांडली. ८५ टक्क्यांच्या वर असल्यास दोष सौम्य आणि ५० टक्क्यांच्या खाली असल्यास तीव्र, असे त्यांचे ढोबळ वर्गीकरण आहे. हे माप उपयोगी आहे, पण ते तोंडातून बाहेर पडलेल्या ध्वनींचे माप आहे. सुबोधता पूर्ण होते ती ऐकणाऱ्याच्या कानात आणि डोक्यात. म्हणून ती मोजताना ऐकणारा कोण, हे सांगितल्याशिवाय आकड्याला अर्थ नाही.

मोजमापाची सुरुवात टेलिफोनपासून

सुबोधता मोजण्याची कल्पना दवाखान्यातून आलेली नाही, ती आली टेलिफोनच्या तारांतून. लांबच्या तारेवरून आवाज जातो, पण शब्द कळतात का, हा विसाव्या शतकाच्या आरंभी अभियंत्यांपुढचा प्रश्न होता. जॉर्ज कॅम्पबेल यांनी १९१० मध्ये टेलिफोनवरील सुबोधतेविषयी लेख लिहिला. पुढे बेल प्रयोगशाळेत हार्वे फ्लेचर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या मोजणीचे शास्त्र बनवले. पद्धत सोपी होती. एका टोकाला एकजण निरर्थक अक्षरे वाचून दाखवी, दुसऱ्या टोकाचा ऐकलेले लिहून काढी. शंभरातली किती जुळली, ते त्या तारेचे माप.

निरर्थक अक्षरेच का? कारण अर्थ कळला की माणूस न ऐकलेलेही भरून काढतो. १९५१ मध्ये मिलर, हाइझ आणि लिक्टेन यांनी हे प्रयोगाने दाखवले. गोंगाटात सुटा शब्द जितका कळतो त्यापेक्षा तोच शब्द वाक्यात अधिक कळतो. आणि ऐकणाऱ्याला संभाव्य शब्दांची यादी आधी दिली, तर यादी जितकी लहान तितके यश मोठे. वाचादोष असलेल्या मुलाच्या बाबतीत हेच दोन नियम लागू पडतात. फरक इतकाच, की येथे तारेची परीक्षा नसून बोलण्याची आहे.

मोजण्याच्या तीन रीती

पहिली रीत लिहून काढण्याची. मुलाकडून चित्रे दाखवून वीस ते चाळीस सुटे शब्द म्हणवून घ्यायचे आणि ध्वनिमुद्रित करायचे. ज्याला यादी माहीत नाही अशा माणसाने ते ऐकून लिहायचे. बरोबर शब्द भागिले एकूण शब्द, गुणिले शंभर. ही सर्वांत कडक परीक्षा आहे.

दुसरी रीत निवडीची. प्रत्येक शब्दासाठी ऐकणाऱ्यापुढे चार शब्द ठेवायचे, उदाहरणार्थ रस, लस, बस, नस. आणि मूल कोणता म्हणाले ते ओळखायला सांगायचे. यातून कोणते ध्वनी एकमेकांत मिसळतात तेही कळते. मात्र एक सावधगिरी हवी. चारांतून एक निवडायचा असेल, तर काहीही न ऐकता नुसत्या अंदाजाने वीसपैकी सरासरी पाच उत्तरे बरोबर येतात. म्हणून या रीतीत २५ टक्के म्हणजे 'थोडेसे कळले' नव्हे, 'काहीच कळले नाही'.

तिसरी रीत श्रेणीची. शब्द न मोजता ऐकणारा एकंदर बोलण्याला एक पायरी देतो. मुंबईत वांद्रे येथे १९८३ मध्ये स्थापन झालेल्या अली यावर जंग राष्ट्रीय संस्थेने अशी सात पायऱ्यांची श्रेणी २००३ मध्ये तयार केली. वाचा आणि श्रवण यांवर काम करणारी ही केंद्र सरकारची संस्था आहे. श्रेणीतील पहिली पायरी म्हणजे बोलणे स्वाभाविक. त्यानंतर, कळते पण स्वाभाविक वाटत नाही. थोड्या प्रयत्नाने कळते, मध्येच पुन्हा विचारावे लागते. लक्ष देऊन ऐकले, विशेषतः ऐकणारा आस्थेवाईक असला, तर कळते. घरच्यांना कष्टाने कळते, इतरांना नाही. विषय माहीत असेल तरच प्रयत्नाने कळते. आणि सातवी पायरी, विषय माहीत असूनही कळत नाही.

या पायऱ्या पुन्हा वाचून पाहा. 'आस्थेवाईक', 'घरच्यांना', 'विषय माहीत असेल तर' असे शब्द मोजपट्टीतच आहेत. बोलण्याचे माप सांगताना ऐकणाऱ्याचे वर्णन करावे लागते, हे त्या पट्टीने मान्य केले आहे. ही केवळ अभ्यासाची बाब नाही. १९९५ च्या अपंग व्यक्तींविषयीच्या कायद्यात वाचादोषाचा स्वतंत्र प्रकार नव्हता. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातील २१ प्रकारांत 'वाक् व भाषा' हा प्रकार आला. २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांत कायमच्या वाक्-दिव्यांगत्वाची टक्केवारी ठरवण्यासाठी सुबोधतेची श्रेणी वापरली गेली.

कोणाच्या कानाने?

समजा, एका मुलाचे चाळीस शब्द ध्वनिमुद्रित केले आणि तीन माणसांना ऐकवले. आईला ३४ शब्द कळले, वर्गशिक्षिकेला २६, आणि दुसऱ्या शाळेतल्या अनोळखी शिक्षिकेला १८. म्हणजे सुबोधता अनुक्रमे ८५, ६५ आणि ४५ टक्के. यातला खरा आकडा कोणता?

तिन्ही खरे आहेत. ८५ हा आकडा सांगतो, की मुलाच्या बोलण्याला स्वतःची काही व्यवस्था आहे आणि ती शिकता येते. आई ती शिकली आहे. ४५ हा आकडा सांगतो, की दुकानात, बसमध्ये, नव्या वर्गात या मुलाचे काय होत असेल. आणि दोन्हींमधले ४० टक्क्यांचे अंतर सांगते, की आई जवळ नसताना मूल किती एकटे पडते. "घरी सगळे नीट बोलतो हो!" असे आई सांगते तेव्हा ती खोटे बोलत नसते, शिक्षक "काहीच कळत नाही" म्हणतात तेव्हा तेही खोटे नसतात. दोघे दोन वेगळ्या कानांचे माप सांगत असतात.

हीच गोष्ट लक्षात घेऊन शॅरीन मॅकलाउड आणि त्यांच्या ऑस्ट्रेलियातील सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये पालकांसाठी सात प्रश्नांची छोटी पट्टी प्रसिद्ध केली. गेल्या महिन्याभरात मुलाचे बोलणे तुम्हाला कळते का? घरच्यांना? इतर नातेवाइकांना? त्याच्या मित्रांना? ओळखीच्यांना? शिक्षकांना? अनोळखी माणसांना? प्रत्येकाला 'नेहमी' असल्यास ५ आणि 'कधीच नाही' असल्यास १, अशा रीतीने गुण द्यायचे आणि बेरजेला सातने भागायचे. ही पट्टी जगातील अनेक भाषांत नेली गेली आहे. सरासरीपेक्षाही सातांपैकी गुण नेमके कोठे घसरले, हे पाहणे शिक्षकाला अधिक उपयोगाचे.

जून आणि डिसेंबर

येथे एक फसवी गोष्ट सांगायला हवी. जूनमध्ये वर्गशिक्षिकेला त्या मुलाचे चाळीसांपैकी १८ शब्द कळत होते, डिसेंबरमध्ये २६ कळू लागले. मुलाची प्रगती झाली, असे आपण आनंदाने नोंदवतो. पण प्रगती कोणाची झाली? कदाचित शिक्षिकेच्या कानाची! ऐकणारा सरावाने तरबेज होतो, हे संशोधनात वारंवार दिसून आले आहे. 'त' ऐकला की 'क' समजायचे, हे सहा महिन्यांत तिच्या अंगवळणी पडले. मुलाचा 'क' होता तेथेच राहिला असेल.

ही शंका फेडण्याचा उपाय सोपा आहे. जूनमधले आणि डिसेंबरमधले ध्वनिमुद्रण जपून ठेवायचे. मुलाला कधीही न भेटलेल्या दोन शिक्षकांपैकी एकाला जूनचे आणि दुसऱ्याला डिसेंबरचे ऐकवायचे, कोणते कधीचे ते न सांगता. एकाच माणसाला दोन्ही ऐकवली, तर दुसऱ्या खेपेला त्याला शब्द आठवतील. दोन माणसांचे कान सारखे नसतात, म्हणून प्रत्येक ध्वनिमुद्रणाला तीन-तीन ऐकणारे मिळाले तर सरासरी अधिक भरवशाची. आकडा वाढला, तर श्रेय मुलाचे. न वाढता केवळ वर्गशिक्षिकेचा आकडा वाढला, तर श्रेय तिच्या कानाचे. तेही काही कमी नाही, पण उपचाराची गरज संपलेली नाही.

आणखी एक हिशेब. वीस शब्दांच्या यादीत एक शब्द म्हणजे ५ टक्के. ५५ चे ६० झाले तर फक्त एक शब्द जास्त कळला. एवढ्याने हुरळून जाऊ नये आणि ६० चे ५५ झाले म्हणून खचूही नये.

बोली हा दोष नव्हे

पापडीसारख्या ठिकाणी या मोजमापाला आणखी एक कसोटी लागते. वसईच्या पट्ट्यात सामवेदी म्हणजे कादोडी, वाडवळी, कोळी अशा बोली शेजारी शेजारी नांदतात. नव्या वस्त्यांतून हिंदी आणि गुजराती घरांतली मुले येतात. उत्तर कोकणातील कोळी बोलीत स्वरानंतरच्या 'ड'चा 'र', 'ण'चा 'न' आणि 'ळ'चा 'ल' होतो. ग्रियर्सन यांच्या भाषा-सर्वेक्षणाचा मराठीचा खंड १९०५ मध्ये निघाला, त्यातही या बदलांची नोंद आहे. म्हणजे 'घोरा' म्हणणारा मुलगा शंभराहून अधिक वर्षांच्या नियमाने बोलतो. हिंदीभाषक घरातले मूल 'काळा'ला 'काला' म्हणते, कारण त्याच्या घरच्या बोलण्यात 'ळ' नाही.

म्हणून गुण देण्याआधी एक नियम पाळावा : मुलाच्या घरचे मोठे माणूस तो शब्द जसा म्हणते, तो उच्चार त्या मुलापुरता बरोबर. छापील पुस्तकातला उच्चार हा मापदंड नव्हे. शंका आल्यास तीन प्रश्न विचारावेत. घरातले सगळे असेच बोलतात का? हा बदल प्रत्येक वेळी नियमाने होतो का? आणि त्याच बोलीच्या अनोळखी माणसाला मुलाचे बोलणे पूर्ण कळते का? तिन्हींचे उत्तर 'होय' असेल, तर ती बोली आहे. तिसऱ्याचे उत्तर 'नाही' असेल, तर वाचादोषाची शंका घ्यावी. दुसऱ्या प्रश्नावर एकट्याने विसंबू नये, कारण वाचादोषही पुष्कळदा नियमाने होतात. आपल्या उदाहरणातला 'क'चा 'त' नेमाने होतच होता.

उलटी चूकही घडते. "यांच्यात असेच बोलतात" असे म्हणून खरा वाचादोष बोलीच्या नावावर खपवला जातो, आणि मदतीची वर्षे निघून जातात.

करून पाहा

शाळेत हे मोजमाप असे करता येईल. आधी पालकांची संमती घ्यावी आणि ध्वनिमुद्रण शाळेबाहेर जाऊ देऊ नये. मुलाच्या रोजच्या ओळखीच्या वीस वस्तूंची चित्रे निवडावीत : चूल, मासा, कान, गाय, घर, डोळा, बस, टोपी, झाड अशी. घंटा, रस्ता, शेजारचा वर्ग यांचा आवाज येणार नाही अशी खोली घ्यावी. गोंगाटात चांगल्या बोलण्याचीही सुबोधता घसरते. मोबाइल तोंडापासून दर वेळी सारख्या अंतरावर, सुमारे एक वीत, ठेवावा. "हे काय?" एवढेच विचारावे, शब्द आपण म्हणून दाखवू नये. ऐकणारे तीन असावेत : एक घरचे, एक वर्गशिक्षक, एक अनोळखी, शक्य तर मुलाच्या बोलीचा जाणकार. प्रत्येकाला एकदाच ऐकवावे. तिघांचे आकडे वेगवेगळे लिहावेत, त्यांची सरासरी काढू नये. यानंतर मुलाशी पाच मिनिटे मोकळ्या गप्पा माराव्यात आणि वर दिलेल्या सात पायऱ्यांपैकी कोणती लागू पडते ते टिपावे.

हे निदान नव्हे, हे लक्षात असू द्या. निदान वाचोपचारतज्ज्ञ म्हणजे स्पीच थेरपिस्ट करतील. पण "मूल नीट बोलत नाही" या वाक्यापेक्षा "आईला ८५, मला ६५, अनोळखी माणसाला ४५ टक्के" ही चिठ्ठी त्यांना कितीतरी अधिक सांगते.

पुढे काय?

कोणत्या वयात किती कळावे? कोप्लन आणि ग्लीसन यांनी १९८८ मध्ये अमेरिकेतील पालकांच्या सांगण्यावरून एक आडाखा दिला : अनोळखी माणसाला दोन वर्षांच्या सुमारास निम्मे, तीनच्या सुमारास पाऊण आणि चारच्या सुमारास जवळजवळ सगळे कळावे. पुढील संशोधनात ध्वनिमुद्रित शब्द संदर्भाविना ऐकवले, तेव्हा निरोगी मुलांनाही याहून अधिक वेळ लागतो असे दिसले. हे आकडे इंग्रजी बोलणाऱ्या मुलांचे आहेत, हेही विसरू नये. तरीही पहिली-दुसरीतल्या मुलाचे निम्मे बोलणे अनोळखी माणसाला कळत नसेल, तर "मोठा झाला की सुधारेल" म्हणून थांबू नये.

सर्वांत आधी श्रवणाची तपासणी. जे ऐकू येत नाही ते बोलता येत नाही. कानातल्या सततच्या संसर्गानेही ऐकणे कमी होऊ शकते. दुभंगलेली टाळू, मेंदूचा पक्षाघात अशी कारणे असतील तर ती वैद्यकीय तपासणीत कळतात. अनेक मुलांत ठळक कारण सापडत नाही, पण सराव आणि उपचार यांनी सुधारणा होते. शून्य ते अठरा वयाच्या मुलांची तपासणी करणारा राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम फेब्रुवारी २०१३ मध्ये पालघर येथूनच सुरू झाला. तेव्हा पालघर ठाणे जिल्ह्यात होते. बहिरेपणा, दुभंगलेली टाळू, भाषाविकासातील विलंब यांचा त्याच्या यादीत समावेश आहे. शाळेत तपासणीचे पथक येईल त्या दिवशी आपली चिठ्ठी तयार असावी. वसई रोडहून लोकलने जाता येईल अशा अंतरावर वांद्र्याची संस्था आहे, तसेच मुंबई सेंट्रलजवळच्या नायर रुग्णालयातही वाचा व श्रवण विभाग आहे.

तोवर वर्गात काय करावे? मूल काय म्हणाले ते कळले नसेल तर कळल्याचे सोंग करू नये. मुलांना ते ताबडतोब ओळखू येते. जेवढे कळले तेवढे आपण म्हणून दाखवावे : "काल काका आला, हे कळले. कुठून आला?" चित्र काढायला, बोट दाखवायला मोकळीक द्यावी. चारचौघांत उच्चार घोटून घेऊ नयेत. बाजूला बसणाऱ्या मुलालाही थोडे शिकवावे, कारण कान सगळ्यांचेच तरबेज होतात.

आता त्या दुसरीच्या वर्गात परत येऊ. 'घोरा' म्हणणाऱ्याच्या नावापुढचा शेरा खोडून टाकायचा आहे. 'दोदा' म्हणणाऱ्याच्या नावापुढे तीन आकडे लिहायचे आहेत, आणि त्या प्रत्येकापुढे कोणाचा कान, तेही. त्यांतला एक कान आपला आहे. मुलाचे बोलणे सुधारायला महिने, कदाचित वर्षे लागतील. आपले ऐकणे सुधारायला उद्याच्या पहिल्या तासापासून सुरुवात करता येते.